पोरीच्या चेहऱ्यावर अचानक पुटकुळ्या आल्या, आता काय लावायचं?



मागच्या उन्हाळ्यात आंबिवलीजवळच्या एका गटाच्या मासिक बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, हप्ते झाले आणि अंतर्गत कर्जाची मागणी सुरू झाली. एका ताईंनी सहा हजार मागितले. सचिव ताईंनी रजिस्टर पुढे ओढलं आणि विचारलं, "कारण काय लिहू?" ताई जरा वेळ गप्प बसल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "पोरीच्या तोंडासाठी."

कुणी हसलं नाही. त्या पोरीला सगळ्या ओळखत होत्या. वय तेवीस, भिवंडीच्या गोदामात पॅकिंगला जाते. दहावी-बारावीला असताना हिच्या चेहऱ्यावर एक पुटकुळी नव्हती. आणि आता सात-आठ महिन्यांत गाल, हनुवटी, जबड्याची कड सगळी भरून गेली होती. स्थळं बघायला सुरुवात झालेली, त्यामुळे घरात रोज तोच विषय. पार्लरवालीने सहा वेळा येण्याचं पॅकेज सांगितलं, सहा हजार. शेकडा दोनने कर्ज काढून ते करायचं ठरलं होतं.

बैठक संपल्यावर मी त्यांच्या घरी गेले. मुलगी घरातसुद्धा स्कार्फ बांधून बसली होती. आरशाखालच्या फळीवर एक फेसवॉश, अर्धं लिंबू, नायट्यावर लावायची एक ट्यूब आणि एक पांढरी डबी. डबीवर नाव नाही, कंपनी नाही, तारीख नाही, फक्त फुलाचं स्टिकर. "ही कुठली गं?" विचारलं तर म्हणाली, "आपल्याच ताई विकतात की. दुसऱ्या गटातल्या."

तेव्हापासून हा लेख लिहायचं मनात आहे. अंगावर काटा आला तो त्या डबीमुळे, पुटकुळ्यांमुळे नाही. पण आधी पुटकुळ्यांचंच बोलू, म्हणजे डबीचं नीट कळेल.

शाळेत आल्या नाहीत, मग आता का?

आपल्याकडे समज असा की मुरुम म्हणजे तारुण्यपीटिका, त्या वयात यायच्या आणि लग्न झालं की जायच्या. तसं नसतं. विशीत, पंचविशीत आणि तिशीनंतरही मुरुम येतात, आणि त्या वयात पुरुषांपेक्षा बायकांना जास्त येतात. आधी कधीच नव्हते अशांनाही नव्याने सुरू होतात. म्हणजे तुमच्या मुलीचं किंवा सुनेचं काही जगावेगळं झालेलं नाही.

कातडीत केसाच्या मुळाशी तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. शरीरातल्या हार्मोनच्या इशाऱ्यावर त्या तेल सोडतात. तेल जास्त झालं आणि मेलेल्या कातडीच्या बारीक कणांनी छिद्राचं तोंड बंद झालं, की आत तेल साठतं. तिथे आपल्या कातडीवर नेहमीच राहणारे जंतू वाढतात, सूज येते, पू होतो. झाली पुटकुळी. म्हणजे हा मळ नाही. दिवसातून सात वेळा साबणाने घासून तो निघत नाही, उलट कातडी चिडते. "रक्त खराब आहे", "पोट साफ नाही" हे मी प्रत्येक गावात ऐकते, पण मुरुमाचं कारण रक्तात घाण असणं हे नाही. रक्त शुद्ध करायची बाटली पिऊन हे जात नाही.

विशीत हे अचानक का सुरू होतं, याला एकच कारण नसतं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात हार्मोन वरखाली होतात, तेव्हा हनुवटीवर उठतात हे बहुतेकींना माहीत आहे. त्यात रात्रपाळी, अपुरी झोप, ताण. त्यात आमच्या भागातलं दमट ऊन. आमच्या मुली टिटवाळा लोकलच्या गर्दीत घामाघूम उभ्या राहतात, उतरून रिक्षात बसतात, धुळीला घाबरून तोंडाला स्कार्फ गच्च गुंडाळतात. तोच ओला स्कार्फ दिवसभर गालावर घासतो आणि जिथे घासतो तिथे पुटकुळ्या जास्त. स्कार्फ बांधू नका असं मी म्हणणार नाही, तो धुळीपासून वाचवतो. पण सुती घ्या, रोज धुवा आणि पोचल्यावर सोडा. कपाळावरच्या पुटकुळ्यांचं कारण बऱ्याचदा डोक्याला चोपडलेलं तेल असतं. ते ओघळून कपाळावर येतं, छिद्रं बंद करतं. रात्री तेल लावणाऱ्या मुलीच्या उशीचा अभ्रा बघा, कळेल. तेल लावायचंच असेल तर केसांच्या टोकांना लावा, नाहीतर न्हायच्या तास-दोन तास आधी.

बारीक, एकसारखे आणि खूप खाजणारे फोड कपाळावर, छातीवर, पाठीवर आले असतील तर ते मुरुम नसून बुरशीसुद्धा असू शकते. घामाच्या दिवसांत असं होतं. त्याचं औषध वेगळं. म्हणून शेजारणीला ज्या ट्यूबने बरं वाटलं तीच आपल्याला चालेल असं नाही.

एक कारण मात्र दुर्लक्ष करण्यासारखं नाही. मुरुमांबरोबर पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर किंवा ओठावर जाड केस येतात, वजन वाढतं, डोक्यावरचे केस विरळ होतात, असं काही असेल तर पीसीओएस असू शकतो. यात अंडाशयाच्या हार्मोनचं गणित बिघडतं. अशा वेळी चेहऱ्याला काहीही चोपडलं तरी मूळ जागेवरच राहतं. पुढे मूल राहायला अडचण, साखरेचा आजार, असं त्याचं शेपूट लांब असतं. डॉक्टर तपासून, सोनोग्राफी आणि रक्त बघून सांगतात. ही गोष्ट लाजेपोटी आईलासुद्धा न सांगणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. पाळीची तारीख विचारायला आईने संकोच करू नये.

काही औषधांनीही चेहऱ्यावर पुटकुळ्या उठतात. टीबीच्या औषधांतली एक गोळी तशी आहे, स्टिरॉइडच्या गोळ्याही तशाच. तुमच्या घरी कुणाचा टीबीचा कोर्स चालू असेल आणि चेहरा भरला असेल, तर औषध स्वतःहून बंद करू नका. ज्यांनी औषध दिलं त्यांना दाखवा. चेहऱ्याचं नंतर बघता येतं, टीबीचं नाही.

ट्यूबची गोष्ट

आता त्या मुलीच्या फळीवरची ट्यूब. मेडिकलमध्ये जाऊन "खाज-नायट्याची द्या" म्हटलं की मिळते ती. बऱ्याचदा तिच्यात तीन औषधं एकत्र असतात, बुरशीचं, जंतूंचं आणि स्टिरॉइड. स्टिरॉइड म्हणजे सूज झटकन दाबणारं औषध. ते वाईट औषध नाही. डॉक्टरांनी ठराविक जागेसाठी, ठराविक दिवसांसाठी दिलं तर ते फार कामाचं आहे. भानगड होते ती चेहऱ्यावर, रोज, महिनोनमहिने लावल्याने.

होतं काय ते सांगते. पहिल्या चार-आठ दिवसांत जादू होते. लाली जाते, पुटकुळ्या बसतात, चेहरा उजळ दिसतो. बायका विचारतात, काय लावलंस गं? आपण खूश. मग महिना-दोन महिने जातात. एक दिवस लावायचं राहिलं की चेहरा लाल होतो, चुणचुणतो, आग होते, आणि आधी होत्या त्याहून दुप्पट पुटकुळ्या येतात. आपल्याला वाटतं ट्यूब बंद केल्यामुळे झालं, म्हणजे ट्यूब चांगलीच होती. परत लावतो. परत शांत. असं चक्र चालू होतं. आत मात्र कातडी पातळ होत जाते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, गालावर लव वाढते, उन्हात उभं राहवत नाही. दारूसारखंच आहे हे, सुटताना त्रास देतं म्हणून धरून ठेवायचं.

त्वचारोग तज्ज्ञांनी या अवस्थेला वेगळं नावच दिलंय, आपण 'स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा' म्हणू. देशातल्या बारा ठिकाणच्या डॉक्टरांनी मिळून एक पाहणी केली होती, ती २०११ मध्ये छापून आली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २९२६ रुग्ण त्यांनी तपासले. त्यातले ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइडची क्रीम लावत होते. कुणी गोरं व्हायला, कुणी मुरुमासाठी. आणि त्यांच्यात सगळ्यात जास्त दिसलेला दुष्परिणाम कोणता, तर मुरुम. म्हणजे ज्यासाठी लावली तेच वाढलं.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली. सोप्या भाषेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी काउंटरवर मागितली की मिळते, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. मी स्वतः कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला हॉस्टेलवर अशीच एक ट्यूब दोन महिने लावली होती, मैत्रिणीने दिली म्हणून. सोडताना पंधरा दिवस वर्गात मान खाली घालून बसायचे. तेव्हा समाजकार्याचं शिक्षण घेत होते, आणि ट्यूबवर काय लिहिलंय ते एकदाही वाचलं नाही.

म्हणून वाचायला शिका. ट्यूबवर औषधाचं नाव बारीक अक्षरात इंग्रजीत असतं. मुलीला, नातवाला वाचायला सांगा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यातलं काही दिसलं तर ते स्टिरॉइड. ही नावं कागदावर लिहून गटाच्या रजिस्टरला चिकटवून ठेवा. डाग जाण्यासाठी म्हणून मिळणाऱ्या एका तीन औषधांच्या क्रीममध्येही मोमेटासोन असतं, तेव्हा 'ही नायट्याची नाही, ही डागाची आहे' यावर जाऊ नका.

आणि कुणी बरेच महिने लावत असेल तर घाबरून एका दिवसात फेकूनही देऊ नका. सोडताना चेहरा उसळतो आणि ते आठवडे, कधी महिनेही चालतं. डॉक्टरांना खरं सांगा की मी अमुक इतके महिने हे लावलं, रिकामी ट्यूब बरोबर न्या. ते हळूहळू कसं सोडायचं आणि मधल्या काळात काय लावायचं ते सांगतात. माहेरच्या ओट्यावर बसून सांगितलेला सल्ला इथे चालत नाही.

आणि डबीची

ट्यूबवर निदान वाचता तरी येतं. डबीत काय आहे ते विकणारीलाही माहीत नसतं.

जानेवारी २०२३ मध्ये अकोल्याची एक बातमी पेपरात आली होती, तुमच्यापैकी कुणी वाचली असेल. कॉलेजात शिकणारी एक मुलगी, तिची आई आणि बहीण. तिघीही गोरं करणारी एकच क्रीम वापरत होत्या, ओळखीच्या पार्लरवालीकडून घेतलेली. लोक म्हणायचे, चेहरा किती छान दिसतोय. काही महिन्यांनी एकीमागून एक तिघींच्याही किडनीला सूज आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉक्टरांना प्रश्न पडला की एकाच घरातल्या तिघींना एकाच वेळी हे कसं? शोधता शोधता क्रीमपर्यंत पोचले. तपासणीत तिच्यात पारा निघाला, तोही मर्यादेच्या कैक पट. पारा म्हणजे थर्मामीटरमध्ये असतो तोच. तो कातडीचा रंग बनू देत नाही म्हणून चेहरा उजळतो, आणि कातडीतून आत शिरून किडनीवर बसतो. आपल्या देशात चेहऱ्याच्या क्रीममध्ये दहा लाख भागांत एक भागापेक्षा जास्त पारा चालत नाही, तोही चुकून आला तरच. मुद्दाम घालायचा नाही.

अशी डबी वापरणाऱ्या कुणाच्या डोळ्यांभोवती किंवा पायावर सूज येत असेल, लघवीला फेस येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि डबी बरोबर घ्या. डबीचा पुरावा फेकू नका.

त्या मुलीच्या डबीत काय होतं हे मी सांगू शकत नाही, तिची तपासणी झाली नाही. डॉक्टरांनी चेहऱ्याच्या खुणांवरून सांगितलं की यात स्टिरॉइड असावं. लघवी तपासली, ती ठीक निघाली. मुलीच्या आईने तेव्हा पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

मग लावायचं काय?

जे खरंच उपयोगी पडतं ते कंटाळवाणं आहे, आधीच सांगते. सकाळी आणि रात्री साध्या, कमी फेसाच्या साबणाने किंवा फेसवॉशने हलक्या हाताने चेहरा धुवा. कामावरून घामाघूम आलात तर आणखी एकदा. टॉवेलने घासू नका, टिपा. बेसन चालेल, पण खसाखसा चोळून नको. लिंबू नको, ते लावून उन्हात गेलं की कातडी भाजते आणि काळा डाग पडतो. टूथपेस्ट नको, खायचा सोडा नको. पुटकुळी फोडू नका. फोडली की खड्डा किंवा डाग राहतो, आणि आपल्या सावळ्या कातडीवर डाग पुटकुळीपेक्षा जास्त दिवस टिकतो. उन्हाने ते डाग आणखी गडद होतात, म्हणून छत्री, ओढणी, जमलं तर सनस्क्रीन.

थोड्या पुटकुळ्या असतील तर डॉक्टर बहुतेक वेळा बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा अॅडापालिन नावाची जेल देतात. रात्री चेहरा धुऊन, कोरडा करून, वाटाण्याएवढी जेल सगळ्या भागावर पातळ लावायची. एकेका पुटकुळीवर ठिपके द्यायचे नाहीत. सुरुवातीला एक दिवसाआड लावा. पहिले दोन-तीन आठवडे कातडी कोरडी पडते, सोलते, कधी पुटकुळ्या जरा वाढल्यासारख्या वाटतात. इथेच निम्म्या जणी सोडून देतात. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे आणि नीट दिसायला तीन महिने लागतात. बेंझॉइल पेरॉक्साइडने कपड्याचा रंग उडतो, तेव्हा लग्नातली साडी नेसून लावू नका आणि उशीला जुना अभ्रा घाला. हीच औषधं जनऔषधी दुकानात मिळाली तर स्वस्त पडतात, तिथे आधी विचारा.

आता ज्या मुलींचं लग्न ठरलंय किंवा नुकतंच झालंय त्यांच्यासाठी. हे दोनदा वाचा. मोठ्या, दुखऱ्या, खड्डे पाडणाऱ्या मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन नावाच्या गोळ्या देतात. औषध चांगलं आहे, पण त्या चालू असताना दिवस राहिले तर बाळात मोठं व्यंग येऊ शकतं. म्हणून गोळ्या चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावर आणखी एक महिना गर्भ राहू द्यायचा नाही. अॅडापालिनही गरोदरपणात टाळतात. काही मुली लग्नाआधी चेहरा साफ करायला या गोळ्या सुरू करतात आणि लग्नानंतर संकोचाने कुणाला सांगत नाहीत. डॉक्टरांना सांगा की लग्न आहे, ते दुसरं औषध देऊ शकतात. नवऱ्यालाही सांगा. मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या तर अजिबात घेऊ नका.

खाण्याचं विचारतात सगळ्या. तळलेलं खाल्लं म्हणून उद्या पुटकुळी येते असं नाही. फार गोड, बेकरीचं, कोल्ड्रिंक यांनी काही जणींचे मुरुम वाढतात. महिनाभर कमी करून बघा. त्याने मुरुम गेले नाहीत तरी पैसे वाचतील.

दाखवायचं कुठे?

पार्लरच्या सहा हजारांआधी सरकारी दवाखाना. जवळच्या आरोग्य केंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी ताईंना सांगितलं तर ई-संजीवनीवरून मोबाइलच्या व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलता येतं. चेहऱ्याचा आजार दिसण्यातला असल्याने त्यात बऱ्यापैकी कळतं. गावांकडच्या ताईंना गोवेलीचं ग्रामीण रुग्णालय जवळ. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. त्वचेचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात ते आधी विचारून जा, नाहीतर एक दिवसाची मजुरी बुडते. तिथून पुढे पाठवायची गरज असेल तर चिठ्ठी मिळते. खाजगीत जायचं असेल तर पाटीवर त्वचारोग तज्ज्ञ आहे ना, एवढं बघा. 'स्किन क्लिनिक' अशी पाटी कुणीही लावतं.

आता आपल्या गटांचं

डबी विकणाऱ्या ताईंना मी भेटले. त्यांचं नाव इथे लिहिणार नाही आणि बैठकांमध्ये तुम्हीही काढू नका. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मॅडम, मी माझ्या पोरीलाच लावते, वाईट असती तर लावली असती का?" बाजारातून त्यांना भरलेल्या डब्या मिळतात, दोनशेला विकतात, डबीमागे सत्तर रुपये सुटतात. महिन्याला वीस-पंचवीस डब्या. त्या पैशांवर घराचं वीजबिल आणि मुलाची ट्यूशन चालते. कंपनीचं बंद पडणं, नवऱ्याची गेलेली नोकरी, हे मोहने-आंबिवलीच्या बायकांना मी काय सांगू? सत्तर रुपये सोडा असं म्हणणं मला सोपं, त्यांना नाही.

पण नियम असा आहे की चेहऱ्याला लावायच्या कुठल्याही वस्तूवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, आत काय आहे आणि कधीपर्यंत वापरायचं हे लिहिलेलं हवं. विकायला साबण, क्रीम, उटणं बनवायचं असेल तरी अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. कोकण विभागाचं त्यांचं कार्यालय ठाण्याला आहे. आपले काही गट प्रदर्शनात साबण ठेवतात, त्यांनीही हे तपासून घ्या. उद्या कुणाचा चेहरा किंवा किडनी बिघडली तर स्टिकर छापणारा सापडत नाही. सापडते ती आपली ताई, कारण गावात घर तिचंच असतं.

प्रभागसंघाच्या बैठकीत यावर तासभर वाद झाला. एक म्हणाली, गटाचा काय संबंध, ज्याचा त्याचा धंदा. मला तसं वाटत नाही. ती डबी बचतीच्या बैठकीत, गटाच्या ओळखीवर विकली जाते. घेणारीही आपण सांगतो म्हणून विश्वासाने घेते. शेवटी ठराव असा झाला की लेबल नसलेली कुठलीही चेहऱ्याची वस्तू गटाच्या बैठकीत किंवा स्टॉलवर विकायची नाही. आणि त्या ताईंनी पर्यायी धंद्यासाठी कर्ज मागितलं तर त्यांचा अर्ज आधी घ्यायचा. दुसरा भाग एका वयस्क ताईंनी घालायला लावला. त्या ताईंनी आता मसाल्यासाठी अर्ज केला आहे. घरात उरलेल्या अकरा डब्यांचं काय करायचं यावर त्यांचं आणि माझं अजून एकमत नाही. मी म्हणते परत करा. त्या म्हणतात परत घेत नाहीत, पैसे कोण देणार?

आणि ती मुलगी? सहा हजारांचं कर्ज तिच्या आईने परत मागितलं नाही. ट्यूब आणि डबी डॉक्टरांनी सांगितलं तशी सोडली, तर पहिल्या तीन आठवड्यांत चेहरा इतका उसळला की आई मला फोनवर रडली. "तुमचं ऐकलं आणि हे झालं." त्या काळात आलेलं एक स्थळ परतही गेलं. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. चौथ्या महिन्यात नव्या पुटकुळ्या यायच्या थांबल्या. डाग आहेत, जातील हळूहळू. मागच्या बैठकीला ती आईबरोबर आली होती, स्कार्फ गळ्यात होता. गोदामातल्या दोन मुलींकडे तशाच डब्या आहेत, त्यांना काय सांगू, असं विचारत होती.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला घरात असतील त्या सगळ्या चेहऱ्याच्या ट्यूब आणि डब्या पिशवीत घालून घेऊन या. वाचता येणाऱ्या मुलीही बरोबर आणा. आरोग्य केंद्राच्या ताई येणार आहेत, बसून एकेक वाचू.